एका रविवारची मैत्रीण

शनिवारी दुपारी मुलं घरी गेली की शिक्षकांच्या खोलीत पैशांच्या गप्पा निघायच्या. पगार वाईट नव्हता, पण टोकियोत पगाराला पाय फुटतात. त्यातून शाळेत मुलांना सोडायला येणारी आयटीतली मंडळी रोज डोळ्यांसमोर, त्यामुळे आपला पगार होता त्याहून लहान वाटायचा. म्हणून प्रत्येकीचं काही ना काही चालू असायचं. सायन्स शिकवणारी चित्रा रविवारी एका हॉलमध्ये जपानी बायकांना पोळ्या लाटायला शिकवायची. कुणी भाषेच्या सीडीसाठी इंग्रजी धडे वाचून द्यायचं, कुणी मेंदी काढायचं, कुणी दहावीच्या शिकवण्या घ्यायचं. त्या वर्षी तर जपान्यांना भारतीय गणिताचं वेड लागलं होतं. एकोणीसचा पाढा येणारं माणूस म्हणजे त्यांना जादूगार वाटायचं. चित्रा या सगळ्याला 'साइड' म्हणायची. वरकमाई म्हटलं की आपल्याकडे भलताच वास येतो, असं तिचं मत होतं.

"जयमाला, तू गणिताची. तुझ्या दाराशी तर रांग लागायला हवी," चित्रा म्हणायची. "आणि तू एका म्हाताऱ्याला इंग्लिश बोलायला शिकवत बसतेस."

"ते म्हातारे नाहीत, पंचावन्नचे आहेत," एवढंच जयमाला म्हणायची आणि वह्या तपासायला घ्यायची.

जयमाला खासनीस बेचाळीस वर्षांची होती. पुण्यात सोळा वर्षं एकाच शाळेत गणित शिकवून ती दोन वर्षांपूर्वी, २००४ साली, इथे आली. लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही याची कारणं आईवडील होते तोवर त्यांच्याकडे होती, नंतर कुणाकडेच राहिली नाहीत. भावाच्या फ्लॅटमधली तिची खोली पुतण्याच्या अभ्यासाला लागायला लागली, तेव्हा कुणी तिला चकार शब्द बोललं नाही. फक्त एक टेबल आत आलं, मग दुसरं कपाट आलं, आणि तिला कळायचं ते कळलं. टोकियोच्या एदोगावा भागातल्या भारतीय शाळेची जाहिरात त्याच आठवड्यात दिसली, म्हणून ती आली.

शाळेजवळच, फुनाबोरीला, एका खोलीचं घर मिळालं. आजूबाजूला मराठी कुटुंबं होती, पण ती कुटुंबं होती. शनिवारी एकमेकांकडे जेवणं, सुट्टीत मुलांना घेऊन डिस्नेलँड, संक्रांतीला हळदीकुंकू. बेचाळिशीच्या कुमारिकेला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, हा प्रश्न बायकांना पडायचा, आणि न बोलावणं सोपं असल्यामुळे तो लगेच सुटायचा. वाईट कुणीच नव्हतं. रस्त्यात भेटल्या की सायकल थांबवून "या हं एकदा" म्हणायच्या, आणि ते एकदा कधी हे कुणीच ठरवायचं नाही. सोमवार ते शनिवार शाळा होती. रविवार मात्र जयमालाच्या अंगावर यायचा. कपडे धुऊन, कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत घालून, आठवड्याची भाजी आणूनही दुपारचा एकच वाजलेला असायचा.

तर ते 'म्हातारे' म्हणजे कुबोता-सान; सान हे आपल्या 'जी'सारखं. स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात दर शनिवारी चारला ते इंग्रजी बोलायला यायचे. मुख्याध्यापकांना सांगून, व्हिसाच्या कचेरीतून रीतसर परवानगी काढून जयमालाने ही शिकवणी धरली होती. बिनकागदाचं काही करणं तिच्या स्वभावात नव्हतं. कुबोतांची कंपनी लग्नसमारंभांना लागेल ते पुरवायची. फुलं, वाजवणारे, फोटोवाले. आणि पाहुणे.

"पाहुणे?" जयमालाने विचारलं. तिला वाटलं, त्यांचं इंग्रजी चुकलं.

चुकलं नव्हतं. कुबोतांनी नीट समजावलं. इथे लग्नात दोन्ही बाजूंची टेबलं भरलेली दिसावी लागतात. मुलाकडे शाळेचे मित्र, ऑफिसचे मित्र, आणि मुलीच्या मैत्रिणींचं टेबल रिकामं, हे बरं दिसत नाही. सगळ्यांनाच मैत्रिणी असतात असं नाही. मग कंपनी देते. पुढच्या महिन्यात अशीच एक नवरी आहे. तिने सासरी सांगून ठेवलंय की इंग्रजीच्या क्लासमुळे मला परदेशी मैत्रीण आहे. पाच बायका हव्यात, त्यातली एक परदेशी. साडी नेसून आलात तर फार उत्तम. आणि त्यांनी आकडा सांगितला. दहा शनिवारांची कॉफी आणि बडबड एका दुपारीत निघत होती.

"पण हे खोटं बोलणं झालं."

"नो, नो, सेन्सेई. खोटं नाही. रिकामी खुर्ची भरायची," कुबोता म्हणाले. शिक्षिकेला सेन्सेई म्हणायची त्यांची रीत.

तिने विचार करायला तीन दिवस मागून घेतले. वास्तविक कॉपी करणाऱ्या मुलाचा पेपर हातातून काढून घेणारी बाई ही. पण तिसऱ्या दिवशी हो म्हणाली. पैसे हवे होतेच, सिंहगड रोडला स्वतःच्या नावाची एक खोली घ्यायची होती. खरं मात्र हे की लग्न रविवारी होतं, आणि त्या रविवारी तिला कुणीतरी मैत्रीण म्हणून हाक मारणार होतं.

कुबोतांनी एक कागद दिला. नवरीचं नाव मायुमी. जयमालाचं नाव जपानी जिभेला सोपं म्हणून जाया केलेलं. ओळख गिन्झाच्या इंग्रजी क्लासमध्ये. दोघी एकदा कामाकुराला निळी फुलं बघायला गेल्या, पाऊस आला, एका छत्रीत परत आल्या. मायुमीला चेस्टनटचा केक आवडतो. खाली भाषणात चुकूनही उच्चारायचे नाहीत असे शब्द होते. कापणं, तुटणं, परत जाणं, संपणं, भाग होणं. भागाकार शिकवणाऱ्या बाईला ही अट कठीणच होती, पण तिने कागद परीक्षेला बसल्यासारखा पाठ केला. शेवटची ओळ ठळक होती. समारंभानंतर नवरीशी किंवा तिच्या घरच्यांशी कोणताही संबंध ठेवू नये.

आहेराचं पाकीटही कंपनीनेच दिलं. आत दहा हजारांच्या तीन कोऱ्या नोटा. तीनच का, तर दोनाने भाग जात नाही, जोडपं फुटत नाही. हे जयमालाला मनापासून पटलं. लग्नाच्या दिवशी मोरपंखी नारायणपेठ नेसून निघताना तिने ते पाकीट पर्समध्ये टाकलं, आणि मग तिच्याने राहवलं नाही. शून्यावर संपणारा आहेर घेऊन खासनिसांच्या घरातून कधी कुणी लग्नाला गेलं नव्हतं. एक्कावन्न, एकशे एक, पाचशे एक. वरचा एक नसला तर आईने उंबऱ्यातून परत पाठवलं असतं. तिने एका येनचं नाणं काढलं आणि पाकिटात सारलं. ते स्वतःच्या पदरचं.

दुसरी चूक, लग्न होतं त्या हॉटेलच्या दारात झाली. तिथे टेबलावर मोठी वही असते, त्यात पाहुण्याने नाव आणि पत्ता लिहायचा. कंपनीच्या ऑफिसचा पत्ता लिहायचा हे तिला बजावलं होतं. पण कामाला बसलेली मुलगी हसून दोन्ही हातांनी ब्रश-पेन पुढे करत होती, मागे रांग होती, आणि जयमालाला जपानी चित्रलिपीत झरझर लिहिता येईल अशी जगात एकच गोष्ट होती. वॉर्ड ऑफिसात, बँकेत, गॅसवाल्याच्या फॉर्मवर शंभरदा लिहून हात बसला होता तो तिचा स्वतःचा पत्ता. हाताने तोच लिहिला. खोली क्रमांक दोनशे तीनसकट.

समारंभ झकास झाला. मैत्रिणींच्या टेबलावरच्या पाचही जणी कुबोतांच्या होत्या, आणि त्या अशा खिदळत होत्या की जयमालालाच क्षणभर वाटलं, ह्यांची खरंच जुनी ओळख असणार. तिने भाषण केलं. छत्रीची गोष्ट सांगितली. मायुमी तिशीची, बारीक, पांढऱ्या पोशाखात अगदी ताठ बसलेली. गोष्ट ऐकताना तिने डोळ्यांना रुमाल लावला. तेही कागदावर होतं की नाही, कोण जाणे.

मग नवरीची आई टेबलाशी आली. काळा किमोनो, हातात बिअरची बाटली, पाहुण्यांचे पेले स्वतःच्या हाताने भरायची इथली रीत. फुमिए-सान असं तिचं नाव. सत्तरीला आलेली, निईगाताच्या बर्फाळ खेड्यात एकटी राहणारी, उंची जयमालाच्या खांद्याएवढी. जयमाला पीत नाही म्हटल्यावर तिने बाटली खाली ठेवली आणि जयमालाचे दोन्ही हात धरले.

"मायुमीला सांभाळलंत. फार उपकार झाले," ती म्हणाली. हात सोडायला तिने बराच वेळ लावला. दोन वर्षांत जयमालाचे हात कुणी धरले नव्हते, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

तीन आठवड्यांनी दोनशे तीनच्या पेटीत पत्र आलं. पहिलीतली मुलं लिहितात त्या सोप्या अक्षरांत, शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडून. परदेशी बाईला वाचता यावं म्हणून म्हातारीने कष्ट घेतले होते. लग्नाची पाकिटं आपण मोजली, तुमच्या पाकिटात एक येन जास्त निघाला, चुकून पडला असेल तर परत पाठवते, की त्याला काही अर्थ आहे, असं तिने विचारलं होतं.

आपण पत्ता खरा लिहिला हे जयमालाला त्या क्षणी कळलं. कुबोतांना सांगायला हवं होतं, पत्र फाडायला हवं होतं. तिने चहा केला, पत्र चारदा वाचलं, आणि तसल्याच सोप्या अक्षरांत उत्तर लिहायला बसली. आमच्याकडे शून्यावर थांबत नाहीत, वर एक ठेवतात, म्हणजे नातं पुढे चालू राहतं, असं तिने लिहिलं. नियम मोडल्याचं वाईट वाटलं, पण थोडंच. टपालात पत्र टाकून घरी येईपर्यंत तेही राहिलं नाही.

त्यानंतर महिन्याला एक पत्र यायला लागलं. बर्फ छपरापर्यंत आलं. शेजाऱ्याच्या मांजराला पिल्लं झाली. गुडघा दुखतो. एकदा सुकवलेल्या फळांचं खोकं आलं, एकदा पाच किलो तांदूळ आला, त्यावर 'नवा' असं लिहिलेलं. जयमालाने दिवाळीला चिवडा आणि शंकरपाळे पाठवले. शंकरपाळे म्हातारीला इतके आवडले की ती रोज दोन, असे मोजून खात होती. शाळेतून येताना जिन्याखालच्या पेटीत डोकावताना जयमालाचं काळीज धडधडायचं. स्वतःशीच तिला हसू यायचं, पण सायकल मात्र ती जोरात मारायची.

एवढ्यावर राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण दुसऱ्याच पत्रात फुमिए-साननी विचारलं होतं, "मायुमी फोन करत नाही. केला तर 'ठीक' म्हणते. ती बरी आहे ना? तुम्ही भेटता, म्हणून विचारते."

काय लिहायचं? मी तिला ओळखत नाही? तुमच्या मुलीने मला एका रविवारपुरती पैसे देऊन आणली होती? म्हातारीच्या तोंडात मारण्यासारखं झालं असतं. जयमालाने लिहिलं, परवाच भेटलो, मायुमी बरी आहे, केसांना छान वळण दिलंय. दोन ओळींचं खोटं. पण खोट्याला शेपूट फुटतंच. पुढच्या महिन्यात दोघी प्लमचा बहर बघायला गेल्या. मग मायुमीला सर्दी झाली, जयमालाने आल्याचा चहा करून नेला. उन्हाळ्यात दोघींनी नदीकाठी बसून आतषबाजी पाहिली. सोळा वर्षं मुलांना 'पायऱ्या दाखवा, नुसतं उत्तर नको' म्हणून दटावणारी बाई आता उत्तर आधी ठरवून पायऱ्या रचत होती.

आणि खरं सांगायचं तर यात तिचा जीव रमायला लागला. आतषबाजी तिने खरंच पाहिली होती, एकटीनेच, प्लास्टिकच्या चटईवर. पत्रात लिहिताना शेजारी मायुमी बसवली, एवढंच. रविवारी भाजी घेताना ती विचार करायची, आज मायुमी असती तर काय घेतलं असतं? आयुष्यात पहिल्यांदा तिला अशी मैत्रीण मिळाली होती जी कधी "या हं एकदा" म्हणत नव्हती, सरळ येत होती.

असं वर्षभर चाललं. २००८च्या जानेवारीत मायुमी खरोखरच आली.

ती कॉफीच्या दुकानात भेटली. आधी चिठ्ठी पाठवून, वेळ विचारून, मिठाईचं खोकं घेऊन. बसल्यावर खोकं दोन्ही हातांनी पुढे केलं आणि टेबलाला कपाळ टेकेल इतकी वाकली. ओरडली असती तर जयमालाला सोपं गेलं असतं.

"नववर्षाला आई आमच्याकडे आली होती," मायुमी हळू आवाजात म्हणाली. "जेवताना नवऱ्याला म्हणाली, मायुमी आणि जाया-सान महिन्यातून एकदा बाहेर जातात, ऐकून बरं वाटतं. नवऱ्याने मला विचारलं, कधी जातेस? मला कसं माहीत नाही? आतषबाजीच्या दिवशी तर तू घरी डोकं दुखतंय म्हणून झोपली होतीस."

जयमाला कानकोंडी झाली. आपण एका घरात काय घालून ठेवलं हे तिच्या ध्यानात आलं.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही. तो रोज थोडं थोडं विचारतो." मायुमीने कपाची बशी सरळ केली. "त्या दिवशीच्या पाचही जणी भाड्याच्या होत्या हे कळलं, तर सासू मला तोंड दाखवू देणार नाही. आणि आईला कळलं तर... आईला कळू नये."

"माझीच चूक आहे," जयमाला म्हणाली. मग धीर करून म्हणाली, "मायुमी-सान, आपण खरंच भेटलो तर? महिन्यातून एकदा. मग काहीच खोटं राहणार नाही."

मायुमीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. थकवा होता.

"मला जमत नाही माणसांशी. लहानपणापासून जमत नाही," ती म्हणाली. "तुम्ही चांगल्या आहात. कृपा करून तुम्ही भारतात परत जा. म्हणजे पत्रात जा. एक पोचल्याचं पत्र तिथून येऊ दे. मग हळूहळू थांबेल."

जयमालाने मान डोलावली. घरी येऊन मिठाईचं खोकं उघडलं तर आत चेस्टनटचे केक होते. ती फ्रिजशेजारी जमिनीवर बसून रडली.

फेब्रुवारीत तिने निईगाताला लिहिलं, भावाने बोलावलंय, मार्चअखेर शाळा संपली की मी कायमची परत जाते. तारीखही लिहिली, कारण तारीख न लिहिणं तिला जमत नसे. आठवड्यात उत्तर आलं. त्या दिवशी मी नारिताला पोचवायला येते. गुडघ्याचं काही ऐकणार नाही.

मायुमीचा फोन आला. "आई ऐकत नाही. तुम्ही बाहेरच्या हॉलमध्येच निरोप घ्या आणि निघा."

"त्या हलणार नाहीत," जयमाला म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे."

मायुमीलाही माहीत होतं. पाहुणा नजरेआड होईपर्यंत यजमानाने जागचं हलायचं नाही, ही इथली रीत. कुबोता-सानसुद्धा दर शनिवारी ती स्टेशनच्या जिन्यावरून दिसेनाशी होईपर्यंत खाली वाकून उभे असायचे. फुमिए-सान तर शेवटच्या दारापर्यंत येणार, आणि जयमाला त्या दारातून आत जाईपर्यंत उभ्या राहणार. त्या दारातून तिकीट असल्याशिवाय सोडत नाहीत. जयमालाने दोन दिवस हिशेब केला आणि सर्वांत स्वस्त, सर्वांत जवळचं विमान शोधलं. कोरियातल्या सोलचं निघालं. लग्नात जेवायचे मिळाले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे गेले. मायुमी ते देऊ करत होती, पण जयमालाने घेतले नाहीत.

नारिताला फुमिए-सान तिच्याआधी येऊन बसल्या होत्या, शेजारी मायुमी. मायुमीच्या नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, तेवढं नशीब. जयमालाने मोठी बॅग आणली होती. रिकामी बॅग हलकी लागेल म्हणून तिने आत पाठ्यपुस्तकं भरली होती. तिकीट खिडकीवर दाखवून, बॅग आत सोडून मगच ती त्यांच्यापाशी गेली, पाटीवरचं सोल त्यांना दिसू नये म्हणून.

म्हातारीने स्वतःच्या शेतातल्या तांदळाचे गोळे करून आणले होते. आत मासा नव्हता, आंबट प्लम होता, जयमाला शाकाहारी म्हणून. बाकावर तिघी ओळीने बसल्या.

"नाही, तुम्ही दोघी जवळ बसा," फुमिए-सान म्हणाल्या. "मी तुम्हाला एकत्र कधी पाहिलंच नाही लग्नानंतर. ही फोटोसुद्धा दाखवत नाही."

त्यांनी एका प्रवाशाला थांबवून फोटो काढायला लावला. मायुमीने जयमालाच्या हातात हात घातला. हात थंडगार होता. दोघी हसल्या. कागदावरच्या छत्रीत दोघी याहून जवळ होत्या.

गोळे खाऊन झाले. म्हातारीने डबा कापडात बांधला, गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली, आणि मुलीकडे न बघता बोलायला लागली.

"ही शाळेतून यायची ती थेट खोलीत जायची. कधी कुणाला घरी आणलं नाही. वाढदिवसाला मी सहा मुलींचा केक केला, कुणी आलं नाही, तर दोघींनी तीन दिवस तो खाल्ला. मी गेल्यावर हिचं कोण, याच काळजीने मला झोप यायची नाही. तुमची पत्रं यायला लागली तशी झोप यायला लागली, जाया-सान." मग म्हणाली, "आता तुम्ही चाललात."

मायुमीची मान खाली होती. जयमालाच्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी जात नाही. मी इथेच, दोन गाड्या बदलून पोचता येईल अशा खोलीत राहते. तुम्ही म्हणाल त्या दिवशी निईगाताला येते, बर्फ उपसते, मला पत्रं लिहीत राहा, बाकी काही नको. हे बोलली असती तर म्हातारी तिची झाली असती. आणि मुलगी उघडी पडली असती.

"मायुमी-सानला तुम्ही फोन करत जा," ती म्हणाली. "त्यांनी करायची वाट बघू नका. त्या बोलत नाहीत, पण फोन वाजला की त्यांना बरं वाटतं. मला सांगितलंय त्यांनी."

हे तिने आत्ताच, बसल्या जागी रचलं होतं. पण मायुमीने मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती ते पुसत नव्हती. "हो," ती आईला म्हणाली. "बरं वाटतं."

म्हातारीने मुलीकडे पाहिलं. मग तिचा गुडघ्यावरचा हात उचलून आपल्या हातात घेतला, आणि त्या दोघी तशाच बसल्या. जयमालाने घड्याळ पाहिलं. आता इथे तिचं काम उरलं नव्हतं.

दारापाशी तिने वाकून निरोप घेतला. आत जाऊन मागे पाहिलं तर दोघी वाकलेल्या होत्या. दहा पावलांवर पुन्हा पाहिलं, पुन्हा वाकलेल्या. वळणाशी ती थांबली. शेवटचं बघून घ्यावं असं फार वाटलं. पण ती थांबली असती तर त्या दुखऱ्या गुडघ्यावर म्हातारी तशीच उभी राहिली असती, म्हणून ती चटकन वळली आणि नजरेआड झाली.

सोलला तिने काहीच पाहिलं नाही. रात्र विमानतळावरच्या खुर्चीत काढली आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या विमानात बसली. नारिताला पासपोर्ट बघणाऱ्या तरुणाने पानं उलटली.

"एकच दिवस? काय काम होतं?"

"एकींना निरोप द्यायचा होता," ती म्हणाली. त्याने शिक्का मारला.

बाहेरच्या हॉलमध्ये गर्दी होती. नावांच्या पाट्या, फुलं, बापाच्या खांद्यावर बसून हात हलवणारी एक भारतीय पोरगी. आपल्याला घ्यायला कुणी आलेलं नाही हे माहीत असून जयमालाची पावलं मंद झाली. तिने दोन्ही बाजूंच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, मग पुस्तकांची बॅग ओढत स्टेशनकडे गेली.

रविवारी तिने पुण्याला फोन लावला. वहिनीने, सरिताने, उचलला.

"वहिनी, मी एक पाकीट पाठवतेय. त्यात दुसरं पाकीट आहे, जपानी पत्ता लिहिलेलं. त्याला फक्त तिकीट लावून पोस्टात टाक."

"बरं. कसलं गं?"

"पुण्याला परत गेले असं लिहिलंय एका बाईंना."

मग वहिनीने जपून विचारलं, "म्हणजे येतेयस का? नाही, ये की. फक्त आधी कळव हं, खोलीत सामान फार झालंय."

"नाही येत गं. नुसतं लिहिलंय," जयमाला म्हणाली. वहिनीचा जीव भांड्यात पडलेला तिला फुनाबोरीत ऐकू आला.

मग ती लिहायला बसली. अक्षरं सोपी, शब्दाशब्दांत मोकळी जागा.

"फुमिए-सान, मी सुखरूप पोचले. इथे ऊन फार आहे. विमानतळावर मला घ्यायला घरचे सगळे आले होते. भावाने माझी बॅग उचलली आणि म्हणाला, एवढी जड कशी? वहिनीने माझी खोली रिकामी करून ठेवली आहे. माझी जुनी खुर्ची पुन्हा खिडकीशी लावली आहे. संध्याकाळी सगळी माणसं एकत्र जेवतो. मला बोलायला कुणी नाही असं इथे कधी होत नाही. माझी काळजी करू नका. मायुमी-सानला फोन करा."

लिहून झाल्यावर सवयीने तिने लाल पेन घेतलं आणि पत्र वरपासून खालपर्यंत तपासलं. चूक एकही नव्हती. तिने ते घडी घालून पाकिटात घातलं. खिडकीबाहेर अजून लख्ख ऊन होतं, दुपारचा एकच वाजला होता.